मिडवेवर अल्बट्रॉस मोजायला जाताय?

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांची गणती होते. तिच्यासाठी निवड झाली, तेव्हा मी आधी दुर्बिणींची चौकशी केली होती. ती दुर्बीण बॅगेतच राहिली, कारण अल्बट्रॉस तिथे पायवाटेवरच बसलेले असतात. तयारी करा ती पायांची. दिवसभर भुसभुशीत वाळूत चालायचं असतं.

ही प्रवाळबेटं हवाईतल्या होनोलुलूपासून सुमारे 2,000 किलोमीटरवर आहेत. पक्ष्यांच्या हंगामात विमान रात्री उतरतं, कारण दिवसा आभाळ पक्ष्यांनी भरलेलं असतं. कपडे आणि बूट नवे कोरे किंवा त्या बेटापुरतेच राखलेले हवेत, शिवाय 48 तास फ्रीझरमध्ये ठेवलेले. शिवणीतून एखादं बी किंवा मुंगी तिथे जाऊ नये, म्हणून ही खबरदारी. याचा कंटाळा करू नका.

डिसेंबरमध्ये गणती सुरू झाली की सगळे आडव्या रांगेत, ठरावीक अंतर राखून चालतात. माझ्या एका हातात लेसन जातीच्या अल्बट्रॉसचा काउंटर, म्हणजे बटण दाबून मोजायचं यंत्र, असायचा, दुसऱ्यात काळ्या पायांच्या अल्बट्रॉसचा. मोजायचं ते घरटं. एका घरट्यात एकच अंडं, म्हणजे एक घरटं ही एक जोडी. नौपाकाच्या झुडपांत मात्र वाकून, कधी रांगतही शिरावं लागतं, आणि चुका तिथेच होतात.

दुसऱ्याच दिवशी माझा पाय गुडघ्यापर्यंत खचला. खाली बोनिन पेट्रेल या बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्याचं बीळ होतं. अशा वेळी रांग थांबवायची, गुडघ्यांवर बसायचं आणि हातांनी हळूहळू वाळू काढायची. आत पक्षी गाडला गेला असेल तर तो गुदमरतो. कोपरापर्यंत हात आत घातला तेव्हा माझी छाती धडधडत होती. बीळ रिकामं निघालं. तोंड मोकळं करून मगच पुढे निघालो. त्यानंतर प्रत्येक पाऊल मी आधी जमीन चाचपून टाकलं.

नोंदी सुवाच्य लिहा, हे मी प्रत्येक नवख्याला कळकळीने सांगते. 1956 साली पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी इथल्या एका लेसन मादीच्या पायात कडी घातली. 2002 मध्ये तीच मादी पुन्हा त्यांच्याच हाती आली आणि कड्यांच्या जुन्या नोंदी मागे-मागे तपासत गेल्यावर तिची ओळख पटली. तीच ही विज्डम. 2024 च्या अखेरीस, किमान 74 वर्षांची असताना, तिने पुन्हा अंडं घातलं. कुणी एक आकडा गिचमिड लिहिला असता, तर तिचं वय आज कुणाला कळलं नसतं.

म्हणून मोजायचा प्रत्येक पट्टा चालून संपला की काउंटर शून्यावर आणण्याआधी आकडा मोठ्याने वाचा, आणि लिहिणाऱ्याकडून परत वाचून घ्या.