डिझेलच्या पाइपात हवा

आमची जुनी डिझेल गाडी सकाळी दहा-दहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय उठेना. उठली तरी दोन मिनिटांत बंद. अंबाजोगाईहून लातूरला जाताना भर रस्त्यात दोनदा रुसली. जो तो म्हणे, बॅटरी. नवी टाकली, पैसे गेले, दुखणं तसंच.

मग शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या मामांनी डिझेल फिल्टरवरचा हातपंप दाबायला लावला. आधी फुसफुस, पंचवीसेक वेळा दाबल्यावर घट्ट. लगेच गाडी चालू! "हवा धरतीय बघ, विहिरीवरल्या इंजनावानी," मामा म्हणाले.

पण खाली डिझेलचा थेंबही नव्हता. टाकीकडून इंजिनाकडे येणाऱ्या डिझेलच्या पाइपात पंपाची ओढ असते, त्यामुळे चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत जाते. फिल्टरपुढे वीतभर पारदर्शक नळी जोडली, तर बुडबुड्यांची माळच पळताना दिसली. टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपखाली केसाएवढा चिरला होता. इंचभर कापला, नवी क्लिप आवळली, फिल्टरचा स्क्रू ढिला करून फेस थांबेपर्यंत हवा काढली.

आता अर्ध्या सेल्फमध्ये उठते. बॅटरीची पावती तेवढी बायकोनं जपून ठेवलीय, अधूनमधून दाखवते.