प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय केबल: कोणती घ्यावी, कशी ओढावी

दोन-तीन मीटरपर्यंत कुठलीही बरी एचडीएमआय केबल चालते. पाच मीटरच्या पुढे मात्र केबलची जात, तिची जाडी आणि तिच्यातून जाणारं चित्र, तिन्हींचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. समोर सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार, मागच्या भिंतीजवळ छताला प्रोजेक्टर असा बेत असेल, तर अंतर सहज दहा मीटरच्या आसपास जातं.

तांब्याच्या तारेत सिग्नल पुढे जाता जाता क्षीण होतो, आणि वेग जितका जास्त तितका लवकर क्षीण होतो. म्हणून ‘पंधरा मीटरची केबल चालेल का?’ असं नुसतं विचारून भागत नाही. काय बघायचंय ते आधी ठरवा. १०८०पी चित्राला ६० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना) सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात. ४के चित्राला ३० हर्ट्झवर सुमारे नऊ, आणि ६० हर्ट्झवर पूर्ण रंगांसह जवळपास अठरा. गेमिंगसाठी ४के १२० हर्ट्झ हवं असेल, तर ४८ गिगाबिटच्या दर्जाची केबल घ्यावी लागते. फक्त डीटीएचवरच्या मॅच आणि सिनेमे बघायचे असतील, तर बहुतेक वेळा १०८०पीच्या वर काही येत नाही. त्यासाठी महागडी केबल घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

साध्या तांब्याच्या केबलवर १०८०पी दहा मीटरपर्यंत निर्धास्त जातं, केबल जाड असेल तर पंधरापर्यंतही. ४के ६० मात्र पाच-सात मीटरपलीकडे भरवशाचं राहत नाही. ४८ गिगाबिटच्या केबल तांब्यात तीन ते पाच मीटरपर्यंतच घ्याव्यात. तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात लिहिलेली असते आणि हा आकडा उलटा चालतो: २४ ची तार जाड, ३० ची बारीक. दहा मीटरची केबल शिवणाच्या दोऱ्यासारखी नाजूक दिसली, तर ती एकतर ऑप्टिकल असते, नाहीतर ठेवून द्यायच्या लायकीची.

आधी सुतळीने मोजा

अंतर डोळ्याने ठरवू नका. केबल ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने सुतळी लावा आणि मग सुतळी मोजा. समजा बॉक्स जमिनीपासून २ फुटांवर आहे आणि छत १० फुटांवर. वर चढायला ८ फूट, छतावरून पुढे १३ फूट, बाजूला ६ फूट, प्रोजेक्टरकडे खाली १ फूट, म्हणजे २८ फूट, साडेआठ मीटर. दोन्ही टोकांना एकेक मीटर मोकळी सोडली की साडेदहा होतात. म्हणजे दहा मीटरची केबल ताणली जाणार, आणि ताणलेली केबल पोर्टच्या सांध्यावर लोंबकळून महिन्या-दोन महिन्यांत पोर्ट ढिलं करणार. इथे पंधराची घ्यावी लागते, आणि पंधरा मीटरवर ४के हवं असेल तर तांब्याचा नाद सोडावा लागतो.

त्यापेक्षा अंतरच कमी करता येतं का, ते आधी बघा. ओटीटीची स्टिक थेट प्रोजेक्टरच्या मागे लावली तर चित्राची लांब केबल लागतच नाही. प्रश्न उरतो आवाजाचा. तो प्रोजेक्टरच्या एआरसी पोर्टमधून (आवाज परत बाहेर पाठवणारं एचडीएमआय पोर्ट) नाहीतर ऑप्टिकल ऑडिओ केबलने साउंडबारपर्यंत आणता येतो. ब्लूटूथने आणला तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, अशी तक्रार बऱ्याचदा येते.

खोक्यावर काय वाचायचं

‘२.१ केबल’, ‘८के केबल’, ‘सोन्याचा मुलामा’ हे सोडून द्या. २.० किंवा २.१ ही आवृत्ती पोर्टची आणि उपकरणाची असते. केबलला दर्जाचं नाव असतं. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिट, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. खऱ्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं, आणि एचडीएमआयच्या प्रमाणपत्र अ‍ॅपमधून ते स्कॅन करता येतं. दुकानातच स्कॅन करा. सोन्याचा मुलामा गंजाला आळा घालतो, चित्रात काही फरक पाडत नाही.

दोन पाच मीटरच्या केबल कपलरने जोडून दहा मीटर करणं टाळा. प्रत्येक सांध्याला सिग्नल थोडा गळतो, आणि पीओपीच्या आत ढिला झालेला सांधा शोधणं म्हणजे छत फोडणं.

दहा मीटरच्या पुढे: ऑप्टिकल केबल

हिला एओसी (अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिकल केबल) म्हणतात. चित्राचा डेटा काचेच्या बारीक तंतूंमधून प्रकाशाच्या रूपाने जातो, म्हणून तीस-चाळीस मीटरवरही ४के ६० व्यवस्थित पोचतं. दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये छोटं सर्किट असतं, आणि त्याला लागणारी वीज पोर्टच्या ५ व्होल्टमधून घेतली जाते. जुन्या लॅपटॉपचं नाहीतर स्वस्त बॉक्सचं पोर्ट अशक्त असेल, तर केबल धडधाकट असूनही चित्र येत नाही. अशा वेळी यूएसबीची जोडवीज घ्यायची सोय असलेली केबल उपयोगी पडते.

या केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. सोर्स बॉक्सकडे, डिस्प्ले प्रोजेक्टरकडे. पाईपमधून उलटी ओढली तर पुन्हा सगळी बाहेर काढावी लागते. वायरमनला तोंडी सांगून भागत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मराठीत ‘बॉक्स’ आणि ‘प्रोजेक्टर’ लिहा.

काच म्हटल्यावर वळणाची काळजी आलीच. वळणाचा घेर हातातल्या बांगडीपेक्षा लहान होऊ देऊ नका, खिळा ठोकून क्लिप आवळू नका, आणि ही केबल कापून पुन्हा जोडता येत नाही हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. साउंडबारला ईएआरसी (एआरसीची सुधारित आवृत्ती) हवं असेल तर ती सोय केबलमध्ये आहे का, हे खोक्यावर बघा. सगळ्याच ऑप्टिकल केबलमध्ये ती नसते.

पाईप

नवं बांधकाम असेल तर स्लॅब टाकण्याआधी वायरमनशी बोला. वायरिंगचा नेहमीचा २० मिमी पाईप इथे उपयोगाचा नाही, कारण एचडीएमआयचा प्लग आवरणासकट जवळपास तेवढाच रुंद असतो. निदान ३२ मिमी घ्या, ४० असेल तर उत्तम. काटकोनी एल्बो अजिबात नको. लांब वळणाचे बेंड वापरा, तेही पूर्ण वाटेत दोनच. जास्त लागत असतील तर मध्ये एक जंक्शन बॉक्स ठेवा. पाईपमध्ये जीआय तार ओढून सोडून द्या आणि सोबत एक कॅट-६ (नेटवर्कची) केबलही टाका. पाईप आहे तोवर केबल केव्हाही बदलता येते, म्हणून केबलपेक्षा पाईपवर जास्त खर्च करा.

ओढताना तार प्लगला बांधू नका. प्लगच्या मागे केबलच्या अंगाला बांधून वर चिकटपट्टी गुंडाळा, प्लगची टोपी तशीच राहू द्या. अडलं तर थोडी टाल्कम पावडर, तेल नको. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून सोडत राहायचं. काही केबलचा मोठा प्लग काढता येतो आणि आत छोटा असतो. जुन्या अरुंद पाईपसाठी त्या शोधा.

माळवदाच्या जुन्या घरात किंवा जाड मातीच्या भिंतीत झिरी पाडायच्या फंदात पडू नका. तिथे केसिंग पट्टीतून बाहेरून नेलेली केबलच बरी. अशा भिंतींतून वायरलेस एचडीएमआयही भरवशाचं चालत नाही. पत्र्याखालून केबल न्यायची असेल तर पत्र्याला चिकटवून नेऊ नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिथे पीव्हीसी पाईपही वाकतो. आणि धान्य साठवणाऱ्या घरात उंदीर असणारच, म्हणून पाईपच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबा.

विजेची वायर आणि एचडीएमआय एका पाईपमध्ये कधीच नको. समांतर जात असतील तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात.

वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर

अंतर पंचवीस-तीस मीटरच्या पुढे गेलं आणि वाट वेडीवाकडी असली, की कॅट-६ वर एचडीबेसटी एक्स्टेंडर (एचडीएमआयचं चित्र नेटवर्कच्या केबलवरून लांब नेणारी डब्यांची जोडी) हा पर्याय बघण्यासारखा आहे. केबल बारीक असते आणि प्लग जागेवर बसवता येतात. ४के ६० हवं असेल तर एक्स्टेंडर १८ गिगाबिटचा आहे का ते विचारा. केबल मात्र शुद्ध तांब्याची हवी. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या केबल बाजारात पुष्कळ आहेत. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. मध्ये सांधा नको, नेटवर्क स्विच नको.

अर्थिंग आणि विजा

एचडीएमआयच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर थांबा. अर्थिंग नसलेल्या घरात बॉक्सच्या नि टीव्हीच्या अडॅप्टरमधून थोडी वीज धातूच्या भागावर येते. दोन उपकरणं चालू ठेवून केबल खुपसली की तेवढ्यात ठिणगी पडते. पोर्ट जळायचं हे नेहमीचं कारण आहे. दोन्हीकडची बटणं बंद करा, प्लग भिंतीतून काढा, मगच केबल लावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या.

वळवाच्या पावसात विजा कडाडायच्या आधीच गच्चीवरच्या डिशची केबल बॉक्समधून काढा आणि प्लगही. मधली केबल ऑप्टिकल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तिच्यातही बहुतेक वेळा ५ व्होल्टच्या आणि दोन उपकरणांच्या बोलण्याच्या तांब्याच्या तारा असतात.

चाचणी आणि बिघाड

पाईपमध्ये घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून त्याच बॉक्सला, त्याच प्रोजेक्टरला लावा आणि सर्वात जड चित्र अर्धा तास चालवा. प्रोजेक्टरच्या माहितीच्या पानावर ३८४० × २१६० आणि ६० हर्ट्झ दिसतंय का ते बघा. ओढून झाल्यावर पुन्हा तेच.

४के ३० वरच अडकत असेल, तर आधी सेटिंग बघा. टीव्हीत आणि बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये त्या-त्या पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ वेगळं चालू करावं लागतं. केबल बिचारी निष्कारण बदनाम होते. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा क्षणभर काळं होऊन परत येत असेल, तर केबलला तेवढा वेग झेपत नाहीये. बॉक्समध्ये ६० हर्ट्झवरून ३० वर या. ठिपके गेले तर निदान पक्कं. चित्र अजिबात नाही, तर दिशा, ५ व्होल्ट आणि प्लग नीट बसलाय का, या क्रमाने बघा. ४के सिनेमाच काळा पडतो नि बाकी सगळं दिसतं, असं असेल तर मधला स्प्लिटर किंवा जुना अ‍ॅम्प्लिफायर एचडीसीपी २.२ चा (४के सिनेमाची नक्कल रोखणारं कुलूप ओळखणारा) नसणार.

लाईट गेली आणि आली की कधी कधी चित्रच येत नाही. बॉक्स इन्व्हर्टरवर असतो, प्रोजेक्टर नसतो, आणि दोघांची ओळख मोडते. आधी प्रोजेक्टर पूर्ण सुरू होऊ द्या, मग बॉक्स बंद करून चालू करा.