ब्रेडबोर्डवरची एटीमेगा३२८पी गप्प असेल तर: शोधाला बसण्यापूर्वीची तयारी

एटीमेगा३२८पी म्हणजे आर्डुइनो ऊनो या बोर्डावर असते ती मायक्रोकंट्रोलर, प्रोग्राम टाकून चालवायची चिप. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीवर, ती चालत नसेल तर प्रोग्राम उघडण्याआधी टेबल लावून घ्या. चांगल्या बॅटरीचा मल्टीमीटर, डेटाशीटमधल्या पिनांच्या आकृतीची कागदावरची प्रत, १०० नॅनोफॅरडचे दोन-तीन सिरॅमिक कपॅसिटर, १० किलोओहमचा रेझिस्टर, एक एलईडी आणि तिच्यासाठी ३३० ओहम, आयएसपी प्रोग्रामर (सर्किटमध्ये बसलेल्या चिपमध्येच प्रोग्राम टाकणारं उपकरण) आणि जमल्यास तशीच दुसरी चिप. आकृती कागदावर हवीच, कारण आर्डुइनो बोर्डावरचा १३ नंबर म्हणजे चिपची १९ नंबरची पिन, आणि हा घोळ फार जणांचा होतो.

आता सर्किटमधले सेन्सर, डिस्प्ले, रिले सगळे काढून ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. चिपची सप्लायची तार निघालेली असली, तरी चालू सेन्सरच्या सिग्नल तारेतून, इनपुट पिनेच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे, चिपला थोडी वीज मिळत राहते. मग ती अर्धवट चालते, मध्येच थांबते, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

व्होल्टेज चिपच्या पिनांवरच मोजा: ७ (सप्लाय) आणि ८ (ग्राउंड) मध्ये, मग २० (एडीसीची सप्लाय) आणि २२ (ग्राउंड) मध्ये. काही ब्रेडबोर्डांच्या लांब पट्ट्या मधोमध तुटक असतात, त्यामुळे पट्टीवर ५ व्होल्ट दिसले म्हणजे चिपला मिळाले असं होत नाही. एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा चिपचा भाग, वापरत नसाल तरी २० नंबर जोडायचीच. दोन्ही जोड्यांजवळ, पिनांना जवळजवळ चिकटून, १०० नॅनोफॅरड लावा. पिन १, म्हणजे रिसेट, १० किलोओहमने सप्लायला जोडलेली असावी आणि तिथे जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसावं.

खरा वेळ क्लॉकसाठी, म्हणजे चिप ज्या ठेक्यावर चालते त्यासाठी, राखून ठेवा. कोरी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते. बाहेर लावलेल्या क्रिस्टलकडे (ठेका देणाऱ्या भागाकडे) ती बघतही नाही. प्रोग्राम १६ मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केला असेल तर एका सेकंदाचा डिले १६ सेकंदांचा होतो. म्हणून घड्याळ लावून अर्धा मिनिट एलईडीकडे पाहा, मगच चिप मेली म्हणा. ऊनो बोर्डावरून काढलेल्या चिपचं याच्या उलट: तिचे फ्यूज (चिपमधल्या बदलता येणाऱ्या सेटिंग्ज) बाहेरच्या १६ मेगाहर्ट्झसाठी लावलेले असतात, त्यामुळे ९ आणि १० वर क्रिस्टल नसेल तर ती प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर म्हणूनच हाताशी असू द्या. या पिनांना मल्टीमीटरची तार लावू नका. तेवढ्यानेही क्रिस्टल बंद पडू शकतो.

प्रोग्रामर जोडल्यावर आधी फक्त सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळखक्रमांक, वाचा. १ई, ९५, ०एफ आलं की तारा बरोबर. शेवटी १४ आलं तर हातातली चिप ‘पी’ नसलेली ३२८ आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच निवडावी लागते. नुसती शून्यं किंवा नुसते एफ आले तर वायरिंग पुन्हा पाहा. आयएसपीचा वेग चिपच्या क्लॉकच्या पाव भागाहून कमी लागतो. कोऱ्या चिपला म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. फ्यूज बदलण्याआधी जुने वाचून वहीत लिहा, आणि रिसेट पिन बंद करणाऱ्या फ्यूजला कृपा करून हात लावू नका. त्यानंतर आयएसपी चालत नाही, १२ व्होल्टचा वेगळा प्रोग्रामर शोधावा लागतो.

इतकं झालं की एलईडी लुकलुकवणारा सर्वांत छोटा प्रोग्राम टाका. ती नीट लुकलुकली, की काढलेले भाग एकेक करून परत लावा आणि प्रत्येक वेळी पिन ७ चं व्होल्टेज बघा.