दहा हजारांत दहा हजार धरायचे का?

माझ्या पहिल्या जपानी प्रकल्पातली चूक एका चिन्हाची होती आणि ती सापडायला तीन आठवडे लागले. जपानमधल्या एका दुकानाची वेबसाइट आमच्याकडे होती. 'शियोशो'त, म्हणजे कामाच्या तपशीलपत्रात, लिहिलं होतं की खरेदी 'इचिमान एन इज्यो' असेल तर घरपोच पाठवणी मोफत. मी त्याचं इंग्रजी केलं 'मोअर दॅन' दहा हजार येन. शेजारच्या डेव्हलपरने ते वाचून कोडमध्ये 'पेक्षा मोठं' हे चिन्ह टाकलं. पण 'इज्यो'मध्ये तो आकडा धरलेला असतो. 'इका'मध्येही असतो. आकडा वगळून 'पेक्षा कमी' म्हणायचं तर 'मिमान' असा वेगळा शब्द आहे. म्हणजे नेमकी दहा हजारांची खरेदी करणाऱ्यांकडून आम्ही पाठवणीचे पैसे घेत होतो. आणि मोफतच्या आशेने मोजून तेवढ्याचीच टोपली भरणारी माणसं जपानमध्येही असतात.

खरं तर हा शब्द मला येत होता. पण परीक्षेत फक्त अर्थ विचारतात. त्या अर्थाचं कोडमधल्या अटीत काय होणार, हे बघणं कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. भाषांतर माझं, कोड त्याचं, मधली जागा बेवारस. गेली नऊ वर्षं मी त्या बेवारस जागेवर पोट भरते आहे.

जपानी आणि कोड यांच्या मधल्या या कामाला एक ठरलेलं नाव नाही, हे नव्यांनी आधी लक्षात घ्यावं. कुठे लोकलायझेशन इंजिनिअर, कुठे ब्रिज एसई, म्हणजे दोन्हीकडच्यांना जोडणारा सिस्टिम इंजिनिअर, कुठे बायलिंग्वल डेव्हलपर. कधी जाहिरात असते साध्या फ्रंटएंड डेव्हलपरची आणि तळाला बारीक अक्षरात 'जपानी येत असल्यास प्राधान्य'. नोकरी शोधताना हे सगळे शब्द टाकून बघा. ती बारीक अक्षरं तर नक्की वाचा.

मी साताऱ्याची. पुण्यात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करताना संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकायला जाऊ लागले, तेही मैत्रिणीला सोबत म्हणून. मैत्रीण दुसऱ्या महिन्यात गळाली. मी टिकले त्याला एक कारण होतं. जपानी अक्षरांचा तक्ता अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा चालतो. बौद्ध पंडितांमार्फत तिथे पोचलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तो क्रम घडला. पहिल्या दिवशी तक्ता बघून आपल्याच गावचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय नामाला मागून लागतात, 'त्सु' म्हणायला आपल्याला चमच्यातला च पुरतो. मराठी माणसाला वाक्यरचना फार जड जात नाही. जड जाते ती कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरचिन्हं. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली यादीच २१३६ चिन्हांची आहे, आणि तिला आडवाट नाही.

जेएलपीटी, म्हणजे जपानीची प्रावीण्य परीक्षा, हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. तिच्या पातळ्या एन५ ते एन१, एन१ सगळ्यात अवघड. एन३ वर टेस्टिंगची किंवा इंटर्नशिपची कामं मिळू शकतात, खरी दारं एन२ ला उघडतात. एन२ ला १८० पैकी ९० गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत किमान १९. पण या परीक्षेत बोलायचंही नसतं आणि लिहायचंही नसतं. त्यामुळे एन२ हातात असलेली मुलगी पहिल्या व्हिडिओ कॉलवर मुकी होते. मी झाले होते. परीक्षेच्या अभ्यासातला थोडा वेळ काढून रोज एक जपानी ईमेल लिहा आणि कोणाकडून तरी तपासून घ्या. कामावर ऐंशी टक्के जपानी लेखीच लागतं, निदान माझा अनुभव तसा आहे.

कामावरची जपानी पुस्तकात सापडत नाही, हेही आधीच सांगते. 'देगुरे' हा शब्द इंग्रजी 'डिग्रेड'वरून आलाय, पण त्याचा अर्थ दुरुस्तीच्या नादात आधी चालणारी गोष्ट बिघडणं. 'कुरेमु' म्हणजे क्लेम नव्हे, तक्रार. 'ताइओ ओनेगाइशिमासु', म्हणजे 'कृपया ताइओ करा', असं आलं की घाम फुटतो, कारण 'ताइओ' म्हणजे दुरुस्ती, उत्तर, सोय, काहीही असू शकतं. अशा वेळी नेमकं काय हवंय ते विचारायचं.

आता वेबची बाजू. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, गिट, जेसन हे सगळं हवंच, त्यावर मी वेगळं काय सांगणार. पण जपानीसाठी ते कुठे फाटतं, ते सांगते.

आमच्या एका फॉर्ममध्ये नाव लिहिता लिहिता तो अर्धवटच सबमिट होतो, अशी तक्रार आली. आमच्याकडे काही केल्या तसं होईना. कारण आम्ही सगळे जपानी मजकूर कॉपी-पेस्ट करून तपासत होतो! जपानी माणूस 'तानाका' आधी उच्चाराप्रमाणे टाइप करतो, स्पेस दाबून कांजी निवडतो आणि एंटर दाबून ती पक्की करतो. आमचा कोड त्या एंटरलाच 'पाठवा' समजत होता. उपाय एका ओळीचा : अजून कांजी निवडणं चालू आहे असं सांगणारी ब्राउझरची खूण, 'इझकंपोझिंग', खरी असेल तर एंटरकडे दुर्लक्ष करायचं. सफारीत मात्र कांजी पक्की झाल्यावर की-डाउन, म्हणजे कळ दाबल्याची सूचना, येते, तोवर 'इझकंपोझिंग' खोटं झालेलं असतं, म्हणून तिथे की-कोड २२९ सुद्धा तपासावा लागतो. हे तात्पर्य नाही, सूचना आहे : आजच आपल्या लॅपटॉपवर जपानी कीबोर्ड सुरू करा आणि प्रत्येक फॉर्म हाताने भरा. तेव्हाच कळेल की लोक फोन नंबर पूर्ण रुंदीच्या, म्हणजे कांजीएवढ्या रुंद, आकड्यांत लिहितात, आणि आपला फॉर्म 'फक्त अंक लिहा' म्हणून त्यांच्यावर खेकसतो. ते आकडे युनिकोडच्या एनएफकेसी पद्धतीने साध्या आकड्यांत बदलून घेणं आपलं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

दुसरी गंमत फाँटची. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, चिनी आणि जपानी कांजीला बऱ्याच ठिकाणी एकच क्रमांक आहे, वळण मात्र वेगळं. पानावर भाषा 'जेए' अशी नोंदवली नसेल तर काही यंत्रांवर चिनी वळण दिसतं आणि ग्राहक कळवतो, 'कांजी विचित्र दिसते'. आमच्या टीममधल्या बिगरमराठी मुलांना हे पटवायला वेळ लागला. मला एका वाक्यात कळलं, कारण आपले ल आणि श हिंदी वळणाने छापलेले बघून आपल्यालाही असंच खटकतं. तिथेही क्रमांक एकच, आणि फाँटमध्ये सोय असली तरी भाषा 'एमआर' नोंदवल्याशिवाय आपलं वळण येत नाही.

मजकुराचे तुकडे जोडून वाक्य बनवणारा कोड दिसला की तिथेच थांबा. इंग्रजीत 'डिलीट' आधी आणि फाइलचं नाव मागून. जपानीत नाव आधी, क्रियापद शेवटी, मराठीसारखंच. म्हणून जपानी अनुवाद यायच्या आधी मी तीच वाक्यं मराठीत घालून बघते. मराठीत मोडलं तर जपानीत मोडणारच. रद्द करण्याच्या खिडकीचंही तसंच. 'आरक्षण रद्द करायचं?' या प्रश्नाखाली 'ठीक' आणि 'रद्द' अशी बटणं दिली तर कोणतं दाबायचं? 'क्यान्सेरु'चा, म्हणजे 'कॅन्सल'चा, हाच घोळ जपानीतही होतो. आणि 'कॉम्प्युटर'सारख्या शब्दाच्या शेवटी लांब स्वराची रेघ द्यायची की नाही, हे ग्राहकाच्या शैलीपत्रात बघूनच लिहा. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये रेघ देण्याकडे वळण घेतलं, बऱ्याच जुन्या कंपन्यांच्या कागदपत्रांत ती नाही. एकाच साइटवर दोन्ही प्रकार दिसले तर तपासणीची फाइल लाल होऊन परत येते.

माझ्या आठवणीतला सगळ्यात धावपळीचा महिना एप्रिल २०१९. एक तारखेला, आपल्याकडे सकाळचे आठ वाजून गेले असताना, तिथे नव्या सम्राटाच्या कालखंडाचं नाव जाहीर झालं : रेइवा. तो सुरू होणार होता एक मेला. सरकारी किंवा बँकेच्या फॉर्मवर वर्ष त्या कालखंडाप्रमाणे लिहितात, आणि पहिलं वर्ष आकड्याने न लिहिता बहुधा 'गान्नेन' असं लिहितात. 'रेइवा'च्या दोन कांजी एकाच चौकोनात बसवणाऱ्या चिन्हासाठी युनिकोडची १२.१ ही आवृत्ती निघाली. आम्ही मात्र जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणी कोणी 'हेइसेई' हे आधीच्या कालखंडाचं नाव थेट कोडमध्ये लिहून ठेवलंय ते रात्ररात्र शोधत बसलो होतो. एका ठिकाणी ते चित्रात होतं. चित्रात!

'आता मशीनच भाषांतर करतं, मग कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. निव्वळ भाषांतराचे दर खाली आलेत, मशीनचं तपासून देण्याचं काम वाढलंय, आणि फक्त भाषांतरावर अवलंबून राहा असं मी कोणालाही सांगणार नाही. सीएटी टूल, म्हणजे भाषांतराला मदत करणारं सॉफ्टवेअर, शिकून ठेवा, ओमेगा-टी फुकट आहे. हातात दाखवायला काम हवं असेल तर मोझिलाच्या पोंटूनवर किंवा ट्रान्सलेटविकीवर, म्हणजे सॉफ्टवेअरचा मजकूर स्वयंसेवकांकडून अनुवादित होतो त्या साइटांवर, आधी मराठीत मजकूर करा, कारण तिथे बरंवाईट तुम्हाला स्वतःला कळतं. मग जपानी नाव, सात आकडी पिनकोड आणि मोठ्याकडून लहानाकडे जाणारा पत्ता घेणारा एक नीट चालणारा फॉर्म स्वतः बनवा. दहा प्रमाणपत्रांपेक्षा मी तो फॉर्म आधी उघडून बघेन.

मुलाखतीत मी एकच वाक्य देते : 'तोरोकु-गो, मेरु ओ सोशिन सुरु.' नोंदणीनंतर मेल पाठवणे. कर्ता गायब, जपानीत नेहमीसारखा. बहुतेक जण लगेच भाषांतर करतात आणि मशीनही करतं, ठोकून एक कर्ता घालून. गेल्या महिन्यात आलेली एक एन३ वाली मुलगी मात्र वाक्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, पाठवतं कोण? सिस्टिम की नोंदणी करणारा?" मी सिस्टिम म्हटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आणि मेल गेलाच नाही तर स्क्रीनवर काय दाखवायचं?" तिला सोमवारपासून बोलावलं.