रानात मुक्काम, उन्हावर चार्जिंग

सोलर पॅनल घेऊन कॅम्पिंगला जाणारे बरेच जण पॅनलची केबल थेट फोनला लावतात. तसं करू नका. दिवसा उन्हात पॉवर बँक भरायची आणि रात्री तिच्यावरून फोन, कॅमेरा, टॉर्च भरायचे. एवढी शिस्त पाळली की बाकीचं सोपं होतं.

का, ते सांगते. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि बेडकांचे आणि रातवा या निशाचर पक्ष्याचे आवाज रेकॉर्ड करायला रानाच्या कडेला मुक्कामाला जाते. कधीकधी भाचा सोबत असतो. एकदा त्याने आपला फोन थेट पॅनलला लावला होता. आभाळात ढगांचे तुकडे येत-जात होते. तासाभराने म्हणाला, "मावशी, चार्जिंगची खूण दिसते, पण टक्के काही वाढत नाहीत." ढग आला की पॅनलचा करंट पडतो आणि फोन आपली मागणी खाली आणतो. ढग सरला तरी बरेच फोन ती मागणी पुन्हा वर नेत नाहीत. केबल काढून परत लावली की गाडी रुळावर येते. काही पॅनल ढग सरल्यावर क्षणभर वीज तोडून आपणच पुन्हा जोडतात. विकत घेताना ही सोय आहे का, ते विचारून घ्या. पॉवर बँक हे चढउतार फोनपेक्षा बरे सोसते. शिवाय फोन उन्हात तापत पडत नाही, दिवसभर हातात राहतो.

आता हिशेब. पॉवर बँकेवरचे एमएएच बाजूला ठेवा आणि वॉट-अवरमध्ये मोजा. २०,००० एमएएचची बँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणून आणि हजाराने भागून ७४ वॉट-अवर. माझी एका दिवसाची गरज अशी: फोन एकदा पूर्ण भरायला सुमारे १९, कॅमेऱ्याची एक बॅटरी १४, हेडटॉर्च ४, रेकॉर्डरचे दोन रिचार्जेबल सेल ५. बेरीज ४२. बँकेत भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, काढताना पुन्हा जाते, म्हणून पॅनलमधून साठेक वॉट-अवर मिळायला हवेत असं मी धरते. माझ्याकडे २८ वॉटचं घडीचं पॅनल आहे. त्यातून स्वच्छ उन्हात हाती येतात १६ ते १८ वॉट. पॅनलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरवर १००० वॉट ऊन आणि पॅनलमधल्या सेलचं तापमान २५ अंश. आपल्या उन्हात काळा सेल सहज ६० अंशांवर जातो, आणि दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. तरीही चार तास चांगलं ऊन मिळालं तर दिवस निभावतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. पॉवर बँक किती वेगाने भरते ते तिच्या इनपुटवर ठरतं. ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर ती १० वॉटच्या वर घेणारच नाही, मग पॅनल कितीही मोठं असो. म्हणून २०,००० च्या एका बँकेऐवजी १०,००० च्या दोन घ्या आणि पॅनलच्या दोन पोर्टना एकेक लावा. दोन्ही मिळून पॅनल देईल तेवढं खेचतात. एक बिघडली तरी दुसरी हाताशी असते.

सावलीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण आमच्याकडे मुक्काम बहुतेक कुळागरात, म्हणजे पोफळीच्या (सुपारीच्या) बागेत, किंवा त्याच्या कडेला असतो. पोफळीची सावली अंगभर पसरत नाही, पट्ट्यापट्ट्यांनी पडते. बघणाऱ्याला वाटतं, तीन चतुर्थांश पॅनल उन्हात आहे, मग तीन चतुर्थांश वीज मिळत असेल. तसं होत नाही. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर झावळीची सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट तेवढाच उतरतो. वायरशी जोडून वॉट दाखवणारा छोटा यूएसबी मीटर मिळतो, तो जरूर घ्या. त्यावरचा आकडा बघण्यासारखा असतो: तळहाताएवढी सावली एका कोपऱ्यात आली की १५ चा आकडा ४ वर येतो. कुळागरात सकाळी निवडलेली जागा अकराला सावलीत जाते, म्हणून तंबू सावलीत ठोका आणि पॅनल खळ्यात, शेताच्या मेरेवर (बांधावर) किंवा उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, न्या.

सडा मात्र तापतो. जांभ्या दगडावर पॅनल सपाट टाकू नका, खालून हवा खेळू द्या. दोन दगडांवर किंवा पाठपिशवीला टेकवून उभं करा. बऱ्याच पॅनलना मागे पॉवर बँक ठेवायला खिसा दिलेला असतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो खिसा वापरूच नका. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर भरली तर तिचं आयुष्य घटतं, बऱ्याच बँका तर तेवढ्या तापल्यावर चार्जिंगच बंद करतात. मीटरभर लांबीची जाड केबल घ्या आणि बँक सावलीत ठेवा. मी पोफळीची एक विरी (झावळीच्या बुडाचं रुंद, जाड आवरण) उचलून तिच्याखाली ठेवते, वारा लागतो आणि ऊन लागत नाही.

कोन लावायला यंत्र नको. पेन पॅनलवर काटकोनात उभं धरा. पेनाची सावली दिसेनाशी झाली की पॅनल सूर्याच्या अगदी समोर आहे. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून डिसेंबरात पॅनल दक्षिणेला तोंड करून जमिनीपासून चाळीसेक अंश उभं लागतं, आणि एप्रिलच्या शेवटी सूर्य डोक्यावर असल्याने जवळजवळ आडवं. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या आसपास. तेव्हा साडेदहा ते अडीच हा खरा कमाईचा वेळ, त्यात दोनदा तरी कोन बदला.

वीज वाचवणंही तेवढंच महत्त्वाचं. चोर्ला घाटाच्या बाजूला अनेक दऱ्यांत नेटवर्क नसतं आणि फोन ते शोधत राहण्यातच बॅटरी संपवतो. विमान मोड लावा, नकाशे घरूनच डाउनलोड करून ठेवा. आणि निघताना सगळं पूर्ण भरून निघा, गाडी असेल तर वाटेत कारमध्येही.

मोठ्या गटाला लॅपटॉप वगैरे चालवायचा असेल तर २५० वॉट-अवरच्या आसपासचं पॉवर स्टेशन, म्हणजे एसी प्लग असलेली मोठी बॅटरीपेटी, बरं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं घ्या, ती जास्त वर्षं टिकते. पॅनल जोडण्याआधी पॅनलच्या मागे लिहिलेला ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडता मिळणारा व्होल्टेज) आणि स्टेशनची कमाल इनपुट मर्यादा जुळवा. १८ व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनल बिनभाराचं २१-२२ व्होल्ट देतं. तशी दोन एकापुढे एक जोडली तर ४० च्या वर जातात आणि लहान स्टेशन जळू शकतं. फोन यूएसबीवरच लावा. एसी प्लग चालू ठेवला की इन्व्हर्टर काही न लावताही वीज खात राहतो.

किनाऱ्यावर, केरीला वगैरे जाणार असाल तर खारं वारं आणि वाळू यांची काळजी घ्या. पॅनल कोरडं पुसू नका, वाळूने ओरखडे पडतात. गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं फिरवा, पोर्ट मात्र कोरडे ठेवा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री किनाऱ्याकडे दिवा लावू नका. आणि म्हादईसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही, कुळागरात मालकाला विचारल्याशिवाय नाही.

जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबू नका. बेडकांसाठी तोच मोसम, पण तेव्हा मी घरून भरलेल्या जास्तीच्या बँका नेते आणि पॅनल घरीच ठेवते. पावसाळाभर बँका निम्म्या भरून कोरड्या डब्यात ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज तपासा आणि उतरला असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा.