कळलावी लावताय? आधी सळई आणा

कळलावी ही पावसाळ्यात फुलणारी वेल. तिला ऊन हवं, मुरमाड उतार चालतो, उन्हाळ्यात पाणी नकोच. सामान थोडंच: कंद, हातमोजे, वाळू, कुजलेलं शेणखत, तुरकाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि हातभर लोखंडी सळई. सळई आधी आणा. दिवाळीनंतर वेल वाळते, जमिनीवर काही उरत नाही, आणि मे महिन्यात नेमकी तिथेच कुदळ पडते. कंद इंग्रजी व्हीच्या आकाराचा, दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेकच डोळा. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. टोक मोडलं की तो फाटा वाया. म्हणून कंदाच्या जागी सळईची खूण. बांबूची काडी नको, वाळवी खाते.

कंद रोपवाटिकेतूनच घ्या, रानातून उपटू नका. टोक शाबूत आहे ना, बघा. बी लावलं तर फुलायला तीन-चार वर्षं. अख्खं झाड विषारी, कोल्चिसिन असतं, कंदात तर भरपूर. दिसतो रताळ्यासारखा, तेव्हा कांद्याबटाट्याच्या टोपलीजवळही ठेवायचा नाही. उकरणारा कुत्रा घरात असेल तर हा नाद सोडा.

लागवड मेअखेर किंवा पहिल्या पावसावर. फूटभर खोल खड्डा. माती, वाळू, शेणखत समभाग मिसळून तो भरत आणा. काळी माती असेल तर वाफा वीतभर उंच घ्या, नाहीतर जुलैच्या झडीत कंद कुजलाच म्हणून समजा. कंद आडवा, ७-८ सेंमी खाली. आता, माती लोटण्याआधी, सळई ठोका: फाटे जुळतात त्या बाजूला, कंदापासून चार बोटं दूर. आधी बुजवून मग ठोकाल तर कंदातूनच जायची.

तुरकाट्या कोंब दिसायच्या आत रोवा, पाच-सहा फुटी. कोंब ठिसूळ असतो, धक्क्यानेही मोडतो. जाड खांबाचा उपयोग नाही: वेल पानाच्या शेंड्याच्या तणाव्याने धरते, तो बारीक काडीलाच वळसा घालतो.

पावसात काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या पानं फस्त करतात. हातमोजे घालून वेचा, रोज.

फुलं भाद्रपद-आश्विनात; आधी हिरवट-पिवळी, मग लाल. बी हवं तर परागकण ब्रशने लावा.

पानं पिवळी पडली की पाणी बंद. वाळली की कापा. सळई मात्र तिथेच. कुंडी असेल तर आडोशाला, जूनपर्यंत कोरडी. माळी येत असेल तर त्यालाही सळई दाखवून ठेवा.