प्लिकर्सची कार्डं कॅमेऱ्याला दिसेनात तेव्हा

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत पोरांकडे मोबाइल नाहीत, म्हणून प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं एकदम टिपायला मी प्लिकर्स हे ॲप वापरतो. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्या आकृतीचं वेगळं कार्ड. ए, बी, सी, डी यांतली उत्तराची बाजू वर धरायची, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. शेजाऱ्याचं बघून नक्कल करता येत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण खिडकीकडच्या रांगेतली कार्डं वाचलीच जाईनात. लॅमिनेशन चकाकायचं, त्यात खानदेशातलं ऊन! मग साध्या कागदावर प्रिंट काढून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवल्या. कार्ड कडेला धरायचं, काळ्या भागावर बोट नको, एवढं पोरांना शिकवलं. आता पटापट वाचली जातात. 'गिरणा कोणत्या नदीला मिळते?' विचारलं, तर एरवी गप्प बसणाऱ्या पोरीनंही तापीची बाजू वर धरली.